बाबांचे कान, मुलाच्या खिशात

त्याला सगळे कानवाला म्हणत. दुकानाच्या पाटीवर 'श्रवणयंत्र केंद्र' असं भारदस्त अक्षरांत लिहिलं होतं, पण पाटी वाचून कोणी कोणाला हाक मारत नाही. रस्त्यात भेटला की लोक म्हणत, "काय कानवाले, बरं आहे ना?" आणि आपण अजून बहिरे झालेलो नाही हे दाखवायला मुद्दाम हळू आवाजात म्हणत. कानवाल्यालाच मग "अं?" करावं लागे.

दुकान म्हणजे दोन खोल्या आणि एक खोका. पुढच्या खोलीत काउंटर, मागच्या खोलीत त्याची घासायची-जोडायची बारीक हत्यारं, आणि दोन्हींच्या मधे तो खोका, म्हणजे आवाजबंद केबिन. कपाटापेक्षा मोठी, न्हाणीघरापेक्षा लहान. गिऱ्हाइकाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "बारीक आवाज आला की दाबा." काही म्हातारे आवाज आला नाही तरी दाबत. या वयात नापास व्हायला कोणाला आवडतं? कानवाला त्यांच्यावर कधी चिडला नाही. "वा, उत्साह चांगला आहे. आता फक्त आवाज आला तरच दाबू या हं," एवढंच म्हणे. साचा घ्यायला कानात गुलाबी लगदा भरायचा आणि म्हणायचं, "पाच मिनिटं बोलू नका, हसू नका, जांभई देऊ नका." ते ऐकताच माणूस हमखास जांभई देई. मग पुन्हा नवा लगदा.

धंद्यात मात्र माणूस चोख. कानात नुसता मळ असला तर मळ काढून घ्या म्हणून घरी पाठवायचा. ऐकण्याचा आलेख वाईट आला तर तसं सांगायचा, मऊ आवाजात पण स्पष्ट. बावीस वर्षांत त्याने कोणाला खोटा आलेख सांगितला नव्हता. पहिला सांगितला तो स्वतःच्या बापाला.

त्याचं एक ठरलेलं भाषण होतं. म्हाताऱ्या आईला घेऊन मुलगा आला की ते सुरू व्हायचं. "हे बघा, यंत्र कानाचं नसतं, घराचं असतं. माणसाला कमी ऐकू यायला लागलं की आधी टीव्हीचा आवाज वाढतो, मग घरच्यांचा वाढतो, आणि शेवटी सगळेच बोलायचे बंद होतात. यंत्र लावलं की घर पुन्हा जवळ येतं." मग मोबाईल काढून ॲप दाखवायचा. "आईचं यंत्र तुमच्या मोबाईलला जोडून देतो. तुम्ही कुठेही असा, कितीही लांब. इथे बोट फिरवलं की तिथे आईच्या कानातला आवाज कमीजास्त." मुलगा हरखायचा. आई म्हणायची, "म्हणजे आता माझे कानही याच्याच ताब्यात का?" सगळे हसायचे. कानवालाही हसायचा.

त्याच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. वडील पंच्याहत्तरीचे. उभा जन्म कापड गिरणीत, मागांच्या खात्यात गेला. तिथल्या खडखडाटाने कान खाऊन टाकले होते, पण यंत्र लावायला तयार नव्हते. "मला जे ऐकायचं ते ऐकून झालंय," म्हणायचे. शेवटी आत्याने मनावर घेतलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, दिवसभराच्या प्रवासाइतकी लांब राहणारी. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. एका रविवारी ती म्हणाली, "दादा, इकडून मी बोंबलते, तिकडून तू बोंबलतोस. मधे फोन कशाला हवा? खिडक्या उघडून बोलू या की!" ते बरोबर लागलं. वडील दुसऱ्या दिवशी आपण होऊन केबिनमध्ये जाऊन बसले.

पहिले पंधरा दिवस घरात नुसता आनंदीआनंद होता. भिंतीवरचं घड्याळ वाजतं हे वडिलांना नव्याने कळलं. "माझ्या चपला एवढ्या फटफटतात हे मला कोणी कसं सांगितलं नाही?" म्हणून ते घरभर चालून बघत. आणि रविवारचा फोन तर सोहळाच! फोन शर्टच्या खिशात, आवाज थेट दोन्ही कानांत. हात मोकळे ठेवून ते गॅलरीत येरझाऱ्या घालत आणि हवेशी बोलत, हसत, हातवारे करत. समोरच्या बाई काळजीने विचारायला आल्या, "बाबांना बरं नाही का हो?"

घर जवळ आलं. जरा जास्तच जवळ आलं.

कानवाल्याची बायको पोस्टात खिडकीवर होती. दिवसभर लोकांशी गोड बोलायचं म्हणजे घरी आल्यावर थोडं पुटपुटायला लागतंच. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरात निर्धास्तपणे पुटपुटत आली होती. सुट्टीच्या एका संध्याकाळी म्हणाली, "दुपारपासून चौथा चहा. चहाचा नळच बसवून घ्यावा आता."

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "बसव. पण साखर बेताची टाक त्यात."

तिच्या हातातला चमचा पडला. तोही त्यांनी ऐकला.

नात कॉलेजात होती. दार लावून मैत्रिणीशी कुजबुजायची. जेवताना आजोबांनी सहज विचारलं, "तो दाढीवाला पास झाला का गं?" पोरीचा घास घशात अडकला.

"अहो," बायको नवऱ्याला म्हणाली, "या घरात आता मनातल्या मनात बोलायचीही सोय राहिली नाही. तुमचं यंत्र म्हणजे भिंतीला खरोखरचे कान फुटलेत."

आणि एकदा जेवताना ठिणगी पडली. बायको आपल्या बहिणीबद्दल काहीतरी हळूच नवऱ्याला सांगत होती. सासऱ्यांनी मधेच आपलं मत दिलं, आणि ते मत बहिणीला अनुकूल नव्हतं. बायकोने भाजीचं पातेलं आदळलं. वडील कळवळून ओरडले, "केवढ्याने आदळतेस! कानात घण बसला!" बायकोने तोंड उघडलं. आता इथून पुढे जे होणार ते कानवाल्याला दिसत होतं, कारण दोघांनाही तो पुरता ओळखून होता. त्याने टेबलाखाली मोबाईल काढला आणि अंगठा डावीकडे सरकवला.

वडील थांबले. एकदा ताटाकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि तिच्याकडे बघत बघत मुकाट जेवू लागले. बायको बोलायचं ते बोलली आणि उत्तर न आल्यामुळे दमून गप्प झाली. इतकी स्वस्त शांतता कोणत्याही घराला मिळाली नसेल.

स्वस्त मिळालं की माणूस चटावतो. संध्याकाळी सगळे घरी आले की कानवाला आवाज उतरवायचा, सकाळी चढवायचा. मग कधी चढवायला विसरायचा. मग विसरलेलं आठवलं तरी म्हणायचा, राहू दे, घर कसं छान चाललंय. यंत्रावर आवाजाचं बटण होतं, पण म्हाताऱ्यांची बोटं चुकून लागतात म्हणून सगळ्यांचीच बटणं तो बंद करून द्यायचा. वडिलांचंही केलं होतं. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "हल्ली बाबा किती शांत झालेत, नाही?" कानवाला म्हणाला, "वय." आणि वर्तमानपत्र असं उघडलं की तोंड दिसू नये.

एके दिवशी वडील स्वतःच दुकानात आले. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं होती. वडील पोराच्या दुकानात शोभेल अशा अदबीने रांगेत बसले. नंबर आल्यावर म्हणाले, "अरे, तुझं मशीन थकलंय वाटतं. सगळे पाण्याखालून बोलल्यासारखे वाटतात."

त्याने त्यांना केबिनमध्ये बसवलं. आलेख काढला. तो यंत्र लावतानाच्या आलेखावर ओळीवर ओळ बसत होता. कानांनी तसूभर दगा दिला नव्हता. आता बाहेर यायचं आणि हसत सांगायचं, 'बाबा, माझ्याकडूनच आवाज कमी राहिला होता.' एवढंच तर होतं! एका वाक्यात काम भागलं असतं. पण ते वाक्य बोललं की पुढचे प्रश्न आले. कधीपासून? कशासाठी? आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं कान टवकारून बसली होती, जेवढे टवकारता येतील तेवढे.

"बाबा," गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेल्या त्या मऊ आवाजात तो म्हणाला, "कान जरा उतरलेत. वयाप्रमाणे होतं असं."

वडील थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग कानामागच्या यंत्राला थोपटून म्हणाले, "मशीन चांगलं आहे रे तुझं. त्याला नाव नको ठेवायला. इकडचा मालच जुना." आणि उठता उठता, "काही उपाय?"

"जपायचं."

घरी परतताना रस्ता ओलांडायच्या वेळी वडिलांनी त्याचं कोपर धरलं. गाडी मागून आली तर आता कळायचं नाही, म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा धरलं होतं. ती पकड हलकीच होती, पण पुढे कितीतरी दिवस कानवाल्याला शर्टाच्या बाहीवर तिचं वजन जाणवत राहिलं.

त्याने ठरवलं, आवाज परत चढवायचा. पण एकदम नाही, दर आठवड्याला थोडा थोडा, म्हणजे संशय येणार नाही. चोरलेलं परत ठेवायलाही चोरासारखंच जावं लागतं. पण त्याच आठवड्यात ती मतभेदवाली मेव्हणी मुक्कामाला आली. कानवाल्याने बेत पुढे ढकलला. ती गेली तेव्हा नातीची परीक्षा आली. घरात शांतता हवी होती. कारणांना काय, मुंग्यांसारखी असतात, एक दिसली की रांग लागलीच.

तोवर वडिलांनी आपलं जग आवरतं घेतलं होतं. वाचनालयात सकाळी चारपाच म्हातारे पेपर वाचून सरकारं पाडत असत. तिथे जाणं सोडलं. "ते पेपरामागून बोलतात, मी नुसती मान हलवतो. चुकीच्या जागी हलली तर मत दुसऱ्याच पक्षाला जातं." रविवारचा फोन पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आला, मग पाचावर. गॅलरीतल्या येरझाऱ्या थांबल्या. खुर्चीत बसून, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ते ऐकत आणि अधूनमधून "हो, हो" म्हणत. कानवाला नेमका त्या वेळी अंघोळीला जाई.

मग एका गुरुवारी दुकानात आत्याचा फोन आला.

"तू एकटाच आहेस का रे?"

"बोल ना आत्या."

"दादाचं काय बिनसलंय माझ्यावर? खरं सांग."

"काही नाही गं. का?"

"मी पडले होते. बाथरूममध्ये पाय घसरला, मनगट मोडलं. प्लास्टर आहे अजून. त्या रविवारी त्याला सांगितलं सगळं. कशी पडले, कशी अर्धा तास तशीच पडून होते, कोणी दार उघडेना." आणि हळूच म्हणाली, "तर तो हसला रे."

"हसला?"

"खो खो हसला. आणि म्हणाला, 'छान, छान! अशीच राहा.'"

कानवाल्याला लगेच कळलं. बहिऱ्यांचं हसणं तो बावीस वर्षं बघत आला होता. समोरचा बराच वेळ उत्साहाने बोलला आणि थांबला, की काहीतरी गमतीचं असणार असं समजून हसायचं. न हसण्यापेक्षा हसणं बरं. आत्याला सगळं रंगवून सांगायची सवय होती. वडिलांना वाटलं असणार, गोष्ट चांगली रंगली.

"मी पुढचे तीन रविवार फोनच केला नाही," आत्या म्हणाली. "म्हटलं, बघू तो करतो का. नाही केला."

तीन रविवार कानवाल्याने पाहिले होते. दहाच्या ठोक्याला वडील इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात फोन ठेवून बसायचे. अकरा वाजता म्हणायचे, "कामात असेल." आपण होऊन फोन करायची त्यांना लाज वाटत असणार. केला आणि कळलंच नाही तर?

"आत्या, त्यांचे कान..." तो म्हणाला, आणि सवयीने तेच वाक्य बाहेर पडलं, "कान उतरलेत जरा."

मग आत्या म्हणाली, "अगं बाई! आणि मी रुसून बसले होते. म्हणजे माझा आवाज आता त्याला...?" मग म्हणाली, "तुझंच काम आहे ना रे ते? लोकांचे कान दुरुस्त करतोस. त्याच्यासाठी कर ना काहीतरी. जमेल तेवढं कर."

कानवाल्याने दुकान बंद केलं. भर दुपारी त्याचं शटर खाली आलेलं पाहून शेजारचा चष्मेवाला ओरडला, "कोणी गेलं का?" त्याने हातानेच नाही म्हणून सांगितलं.

घराच्या जिन्यात तो थांबला. मोबाईल काढला. अजूनही गुपचूप सुटता येत होतं. त्याने अंगठा उजवीकडे सरकवला, पहिल्या दिवशी होता तिथपर्यंत, आणि दार उघडलं.

वडील खुर्चीतून ताडकन उठले. "अरे! कडी वाजली! मला कडीचा आवाज आला!" त्यांनी टाळी वाजवून बघितली, खाकरून बघितलं. "घड्याळ ऐकू येतंय. काय केलंस तू? दुकानात बसल्या बसल्या केलंस ना काहीतरी?" चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हता. "पोरा, तू सांगितलं होतंस उपाय नाही. पण डोकं लढवत होतास होय इतके दिवस!"

पाठीवर एक शाबासकीची थाप पडली. ती नसती पडली तर कानवाला कदाचित तसाच निसटला असता.

"दुरुस्त नाही केलं बाबा," तो म्हणाला. "बिघडलंच नव्हतं. मीच कमी केलं होतं. मोबाईलवरून."

"कधी?"

"सहा महिने झाले."

"आणि ते केबिनमध्ये बसवून तपासलंस ते?"

"कान आहेत तसेच आहेत. मी खोटं बोललो."

वडील खुर्चीत बसले. कानांमागची दोन्ही यंत्रं काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आता त्यांना भांडं आदळलेलंही ऐकू आलं नसतं. "आता बोल," ते म्हणाले. "का केलंस?"

कानवाला आवाज न करता बोलला. नुसते ओठ हलले.

"'घरात वाद नकोत म्हणून,'" वडील म्हणाले. "असंच म्हणालास ना?"

कानवाल्याने मान हलवली.

"मागांच्या खात्यात चौतीस वर्षं काढली मी. तिथे कोणाला काय ऐकू येतंय? सगळं खातं ओठांवर चालायचं. निरोप ओठांवर, चेष्टा ओठांवर, मुकादमाला शिव्या तर ओठांवरच. तू कानांचा जाणता, तुला हे कधी विचारावंसं वाटलं नाही." ते शांतपणे बोलत होते, त्यामुळे जास्त लागत होतं. "तुझी बायको पातेल्याच्या वेळी काय म्हणाली ते मला अख्खं दिसलं. नंतरचंही वेळोवेळी दिसत गेलं. त्यात काही एवढं नाही, सासऱ्याबद्दल सून याहून वाईटही बोलते. म्हणजे तू जे झाकलंस ते उघडंच होतं. फोनवर ओठ कुठून दिसणार रे मला?"

मग कानवाल्याने उरलेलं सांगितलं. हळूहळू, तोंड त्यांच्याकडे करून, एकही शब्द न गिळता. आत्याचं पडणं, मनगट, अर्धा तास, आणि खो खो हसणं.

वडिलांनी पहिल्यांदा त्याच्या ओठांवरून नजर काढली. "ती पडली," ते म्हणाले, "आणि मी हसलो?"

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. कानवाला वाट बघत होता की आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आधी तुझ्या फोनातून माझे कान बाहेर काढ," ते म्हणाले. "आणि ते बटण सुरू कर."

कानवाल्याने ॲप उघडलं. पडद्यावर प्रश्न आला: 'तुम्ही या कुटुंबातून बाहेर पडू इच्छिता का?' प्रश्न ॲपचा होता, त्यात 'कुटुंब' म्हणजे एकमेकांना जोडलेले मोबाईल आणि यंत्रं, तरी त्याचं बोट क्षणभर थबकलं. मग त्याने 'हो' वर ठेवलं. पिनेने यंत्रावरचं बटण मोकळं केलं आणि यंत्रं वडिलांच्या हातात दिली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने चढवली.

"आता लाव तिला. माझ्या फोनवरून. आणि तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

फोन लागला. वडिलांच्या चेहऱ्यावरून कळलं की आत्याने उचलला. आवाज थेट त्यांच्याच कानांत गेला होता, खोलीत त्याचा मागमूस नव्हता. त्यांनी फोन मुलाच्या तोंडासमोर धरला.

कानवाला त्या मुक्या फोनशी बोलू लागला. "आत्या, मी बोलतोय. बाबांचे कान उतरले नाहीत. मघाशी तुला खोटं सांगितलं..." पुढे आत्या मधे काही म्हणते आहे का, रडते आहे का, तिने फोन आपटला का, त्याला काही कळत नव्हतं. समोर बघत, अंदाजाने थांबत, अंदाजाने पुढे जात त्याने सगळं सांगितलं. "...म्हणून ते हसले. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ते माझ्यामुळे. चुकलं माझं."

तो थांबला. खोलीत घड्याळ तेवढं वाजत होतं. वडील कुठेतरी लांब बघत ऐकत होते. एकदा "अगं, नाही गं" म्हणाले. एकदा डोळ्यांच्या कडा पुसल्या. मग एकाएकी फिसकन हसले, आणि या खेपेला ते खरोखरच कशाला तरी हसले होते. फोन खिशात टाकून ते गॅलरीकडे निघाले.

"हो, इथेच आहे. तोंड पाडून उभाय... नको, एवढ्या लांबून यायचं आणि एकाच हाताने मारायचं? प्लास्टर निघू दे... उजवं का? मग भाजी कोण चिरतं तुझी?"

"बाबा," कानवाल्याने मागून विचारलं, "काय म्हणाली आत्या?"

वडिलांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तुझ्याबद्दल बोलतोय आम्ही," ते म्हणाले. "तू बस."

कानवाला खुर्चीत बसला. गॅलरीत वडिलांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या होत्या. त्यांची पाठ वळलेली असे तेव्हा त्याला काहीच समजत नव्हतं; तोंड इकडे फिरलं की तो निरखून त्यांचे ओठ बघायचा.